लेक जर्मनीत रोज रडतेय, परत बोलावून घेऊ का?

मी समुपदेशक आहे, नोव्हेंबर-डिसेंबर आला की माझ्याकडे दादरला एका ठराविक प्रकारचे पालक यायला लागतात. मुलगा किंवा मुलगी एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर बाहेर गेलेली असते, पहिला महिना फोटो टाकण्यात गेलेला असतो, आणि आता फोनवर एकतर रडारड नाहीतर "हं, ठीक आहे" एवढंच. प्रश्न सगळ्यांचा एकच, परत बोलावून घेऊ का? त्यातलीच ही एक केस, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि घरच्यांना विचारून लिहितेय.

मुलुंडचं कुटुंब. आई बँकेत, बाबांची शिफ्ट ड्युटी, घरात आजी. मुलगी वीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेजचा करार होता म्हणून लाइपझिगला सहा महिन्यांसाठी गेलेली. आई आली तीच हातात फोन घेऊन, म्हणाली मॅडम तुम्हीच बघा, आणि मला मुलीचा स्क्रीनशॉट दाखवायला लागली, डोळे सुजलेत की नाही. ट्यूशन फी नव्हती, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचा आणि दरमहा ठरावीकच काढायचा अशा खात्यात, महिन्याला 992 युरोच्या हिशोबाने पैसे दाखवले होते, त्यासाठी एफडी मोडली होती. त्यामुळे परत बोलावलं तर पैसे गेले आणि नाही बोलावलं तर पोरगी गेली, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. बाबांनी नेटवर वाचलं होतं की आधी हनिमून फेज मग कल्चर शॉक मग सगळं नीट, म्हणून ते म्हणत होते थांबूया, आपोआप होईल. कल्चर शॉक हा शब्द ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1960 च्या लेखातून लोकप्रिय केला, त्याच्या आधी 1955 मध्ये लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहिलेल्या नॉर्वेजियन स्कॉलर्सवरून तो वर-खाली-वर जाणारा आलेख मांडला, पण नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांचं तसं होताना दिसलं नाही. बरीच मुलं पहिल्याच आठवड्यात तळाला असतात, फोटो तेवढे हसरे असतात. त्यामुळे आलेखाच्या भरवशावर बसून राहू नका, असं मी बाबांना सांगितलं, जरा नाराज झाले.

मुलीशी व्हिडिओवर बोलले. कशी आहेस वगैरे विचारलंच नाही, ते तिला दिवसातून चार जण विचारत होते. म्हटलं कालचा दिवस सांग, उठल्यापासून, तासातासाने. हे मी नेहमी करते कारण "मला इथे एकटं वाटतं" या वाक्याचं काही करता येत नाही पण मंगळवार दुपारी दोन ते सहाचं करता येतं.

तर दिवस असा निघाला. लेक्चर्स मंगळवार ते गुरुवार, म्हणजे शुक्रवार ते सोमवार कोणाशी बोलायचं कारणच नाही. रविवारी दुकानंही बंद, रस्त्यावर शांतता. होस्टेलला स्वतःची खोली. आता ही मुलगी वन बीएचकेत आजीच्या शेजारी झोपून मोठी झालेली, सकाळी मुलुंडहून लेडीज डब्यात ठरलेला ग्रुप, कॉलेजात शाळेपासूनच्याच मैत्रिणी. तिला आयुष्यात मैत्री "करावी" लागलीच नव्हती, ती आपोआप झालेली होती. आणि दार लावून एकटीने झोपायची सवयच नव्हती! होमसिकनेस म्हणजे आईची आठवण असं आपण धरून चालतो, पण हिला खरं तर भांड्यांचा आवाज, टीव्ही, शेजारच्यांचं भांडण, हे नसण्याचा त्रास होत होता. ट्रामसुद्धा गप्प, म्हणाली. त्यात डिसेंबरात तिकडे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, मग पाचला वाटतं रात्र झाली, झोपून टाकू.

बाकी छोट्या छोट्या गोष्टींनी तिचा कॉन्फिडन्स गेला होता. पहिल्या लेक्चरला दहाला पोचली तर हॉल रिकामा, तिला वाटलं आपण चुकलो, परत खोलीवर. तिकडे टाइमटेबलवर वेळेपुढे सी.टी. असं लिहिलं असेल तर लेक्चर पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतं हे तिला माहीतच नव्हतं. लेक्चर संपल्यावर सगळी मुलं बाकांवर ठकठक करायला लागली तर ही दचकली, ती त्यांची टाळ्या वाजवायची पद्धत. कोणाला विचारायचं तरी कसं, या विचाराने मेन्सामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, ताट घेऊन कोपऱ्यात. एका जर्मन मुलीला म्हणाली चल कॉफी घेऊ, तिने फोन काढून सांगितलं पुढच्या गुरुवारी चारला जमेल. हिने त्याचा अर्थ लावला की टाळतेय, आणि गुरुवारी गेलीच नाही. ती बिचारी तिकडे वाट बघत बसली असेल. आपल्याकडे मैत्री म्हणजे "चल ना आत्ता", तिकडे बरेच जण तारीख देतात, आणि तारीख दिली म्हणजे खरंच भेटायचंय.

पण सगळ्यात मोठी गोष्ट निघाली फोनची. आई बँकेतून येऊन, स्वयंपाक जेवण उरकून रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल लावायची, तो दीड-दोन तास चालायचा, बोलायला काही नसलं तरी चालू ठेवायचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, फरक साडेतीनवरून साडेचार तासांचा होतो, म्हणजे आपले साडेनऊ तिकडे संध्याकाळचे पाच. पाच ते सात. नेमक्या त्याच वेळात त्या होस्टेलच्या कॉमन किचनमध्ये सगळे स्वयंपाकाला जमायचे, आणि ही खोलीत दार लावून आईला चेहरा दाखवत बसायची. सात वाजता बाहेर यायची तेव्हा ओटे पुसून सगळे गेलेले. मग एकटीने मॅगी, मग रडू, मग दुसऱ्या दिवशी आईला सुजलेले डोळे.

आईला हे सांगितल्यावर राग आला, साहजिक आहे. म्हणाली म्हणजे आता मीच वाईट का. मी म्हटलं तुम्ही वाईट नाही हो, तुमची वेळ वाईट आहे. मग ठरलं ते असं की मोठा कॉल रविवारी, कारण तोच तिचा सगळ्यात रिकामा दिवस, मधे दोनदा दहा मिनिटं, तेही मुलीने करायचे, आणि बाकी दिवस व्हॉइस मेसेज. या सगळ्यात उपयोगी पडली आजी. ती व्हॉइस मेसेजमध्ये एकही प्रश्न विचारायची नाही. लिफ्ट परत बंद, जोशींच्या दारात मांजर व्यायली, मेथी चाळीसची जुडी दिली मेल्याने. मुलगी म्हणाली हे ऐकून बरं वाटतं, कारण याला उत्तर द्यावं लागत नाही. जेवलीस का, रडलीस का, कोणी भेटलं का, ही चौकशी प्रेमाची असते पण प्रत्येक वेळी मुलाला परीक्षेला बसल्यासारखं होतं. मी आता हे सगळ्याच पालकांना सांगते, विचारू नका, घरातल्या बातम्या द्या.

मुलीला कामं दोनच दिली. पाच वाजता काहीही करून किचनमध्ये उभं राहायचं, बोलली नाहीस तरी चालेल, कांदा चीर. आणि युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स कोर्सेसपैकी एखादा लाव, स्वस्त असतात. तिने बॅडमिंटन लावलं. त्या गुरुवारवाल्या मुलीलाही तिने माफीचा मेसेज टाकला, तिने परत एक तारीख दिली.

आता कोणी म्हणेल की परत बोलवायची वेळ कधीच येत नाही का. येते. दोनेक आठवडे झोप नाही, जेवण नाही, आंघोळ नाही, लेक्चरला जाणं बंद, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा, तर मग किचन नि बॅडमिंटन बाजूला ठेवा. मरण्याचं बोलणं आलं तर वाट बघत बसायचं नाही, तिकडचा इमर्जन्सी नंबर 112, आणि होस्टेल ऑफिसला नाहीतर इंटरनॅशनल ऑफिसला तुम्ही इथून फोन करू शकता, "पोरगी रागावेल" हा विचार नंतर. बऱ्याच जर्मन शहरांत स्टुडंट सर्व्हिसेसचं समुपदेशन असतं, पैसे सहसा लागत नाहीत. इथे तुम्हालाच रात्री धीर सुटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. हिच्या बाबतीत मी पहिल्याच सेशनला हे सगळं स्पष्ट शब्दांत विचारलं होतं. झोप आणि खाणं बिघडलेलं होतं पण लेक्चर्स चालू होती, मरणाचे विचार नव्हते, म्हणून थांबायचं ठरलं, आणि दर आठवड्याला तपासत राहायचं.

पुढे काय झालं तर फार काही नाही. ती एकदम बोलकी वगैरे झाली नाही, जानेवारीतही दोन आठवडे वाईट गेले. मित्रही बहुतेक बाहेरचेच झाले, एक तुर्की मुलगी, एक केरळचा मुलगा, जर्मन एकच ती गुरुवारवाली. सेमिस्टरचे 30 क्रेडिट पूर्ण करायचे होते, एका विषयाच्या परीक्षेचं रजिस्ट्रेशन ती त्या रडण्याच्या दिवसांत करायचंच विसरली होती, त्यामुळे 24 च झाले. एका पेपरला 1.7 मिळाले तेव्हा आई घाबरून मला फोन करत होती, तिकडे 1.0 सगळ्यात चांगला असतो हे सांगावं लागलं. राहिलेला विषय ती आता इथे कॉलेजात करतेय, बाबांना तेवढंच खटकतंय.