अमेरिकेतल्या विद्यापीठांखालचे वाफेचे बोगदे आत जाऊन पाहता येतात का?

एमएससाठी आलात आणि सोबतची मुलं रात्री ‘स्टीम टनेल’मध्ये उतरू या म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. बोगदे पाहता येतात, पण असे चोरून नाही. मी वाफेच्या लाइनचंच काम करतो, म्हणून आत काय असतं ते आधी सांगतो.

जुन्या कॅम्पसवर एकच मोठं बॉयलर हाउस असतं. तिथून निघालेली वाफेची लाइन, वाफेचं झालेलं पाणी (कंडेन्सेट) परत नेणारी लाइन आणि बऱ्याचदा विजेच्या केबलही याच बोगद्यातून इमारतींकडे जातात. ७ बार दाबाची वाफ सुमारे १७०° सेल्सिअस असते. २०° वरून तिथवर तापलेला १०० मीटर पोलादी पाइप जवळजवळ १८ सेंटिमीटर लांबतो. म्हणून मधे यू आकाराचे लूप देतात आणि पाइप आधारांवर सरकता ठेवतात. त्यावर पाय देऊन चढायचं नसतं.

सगळ्यात घातक असतं ते लाइनमध्ये साचलेलं पाणी. स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त साचलेलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) तुंबला की पाणी बाहेर पडत नाही. मग वाफ ते पाणी वेगाने ढकलत नेते आणि बेंडवर किंवा व्हॉल्व्हवर आदळते. हाच वॉटर हॅमर, यात ओतीव लोखंडाचा व्हॉल्व्हसुद्धा फुटतो. १८ जुलै २००७ ला मॅनहॅटनमध्ये लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूखालची १९२४ सालची लाइन अशीच फुटली. गळती बुजवायला भरलेलं सीलंट ट्रॅपमध्ये जाऊन बसलं होतं. तिथे वर रस्ता तरी होता. बोगद्यात पळायला दोनच दिशा, आणि एक किलो पाण्याची वाफ १.७ घनमीटर जागा व्यापते.

बारीक गळती तर दिसतही नाही. भोकापाशी वाफ पारदर्शक असते, पांढरा ढग पुढे बनतो. त्यामुळे ‘फुस्स’ आवाज येत असेल तिथे हात नेऊ नका. जुनं लॅगिंग (पाइपवरचं उष्णता रोखणारं आवरण) फाटलेलं असेल तर ते ॲस्बेस्टॉसचं धरूनच चालायचं, झटकायचं नाही.

आमची माणसं उतरण्याआधी मीटरने हवा तपासतात. आधी ऑक्सिजन (१९.५ ते २३.५ टक्के), मग ज्वलनशील वायू, मग कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. वर एक जण सतत थांबतो, आणि खाली कुणी पडलं तरी तो उडी मारत नाही, मदत बोलावतो. रात्री उतरणाऱ्या मुलांकडे यातलं काहीच नसतं. शिवाय घुसखोरीत अटक झाली तर एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा रद्द होऊ शकतो. ही जोखीम कृपा करून घेऊ नका.

सरळ मार्ग असा: फॅसिलिटीज विभागाला (कॅम्पसच्या इमारतींची देखभाल करणारा) मेल करा, मेकॅनिकलच्या एखाद्या प्राध्यापकांमार्फत केलात तर उत्तम. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी लाइन बंद असेल तेव्हाची वेळ मागा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट घाला. बोगदा नाही म्हणाले तर बॉयलर हाउस तरी मागा. ट्रॅप, पंप, हेडर (वाफ वेगवेगळ्या लाइनमध्ये वाटणारा मोठा पाइप) सगळं तिथे उजेडात दिसतं. नुसतं जमिनीखालून चालायचं असेल, तर एमआयटीच्या इमारती जोडणारे तळघरातले रस्ते आणि मिनेसोटा विद्यापीठाचा ‘गोफर वे’ पायी जाण्यासाठीच आहेत.