शब्दाची सोबत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी वही पाहिली. डावीकडे इंग्रजी शब्द, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी अर्थ. अक्षर देखणं आहे, पण या वहीच्या जोरावर इंग्रजी निबंध लिहिता यायचा नाही, हे आत्ताच सांगितलेलं बरं.

तुझंच वाक्य घेऊ: 'माय पेरेंट्स कॉज्ड माय सक्सेस.' वहीत 'कॉज'पुढे तू 'कारण होणे, घडवून आणणे' असं लिहिलंयस. अर्थ बरोबर, व्याकरणही शुद्ध. तरी इंग्रजी मुरलेला वाचक तिथे अडखळेल. क्रियापद म्हणून 'कॉज' बहुतेक वेळा नकोशा गोष्टींबरोबर येतं: डॅमेज, डिले, पेन, प्रॉब्लेम. तुझ्या वाक्यात यश म्हणजे आईवडिलांनी ओढवलेलं संकट वाटतं.

मराठीत हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. 'माझ्या यशाला आई कारणीभूत आहे' असं तू लिहिणार नाहीस. कारणीभूत असतो तो ड्रायव्हरचा निष्काळजीपणा, नाहीतर फुटलेली जलवाहिनी. यश 'आईमुळे' मिळतं. 'कारणीभूत' मुळात वाईट नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तशातली गत. इंग्रजीतही असे पवळे खूप आहेत आणि ते शब्द-बरोबर-अर्थ या यादीत सापडत नाहीत. तुझ्या वाक्यात 'हेल्प्ड मी सक्सीड' हवं होतं, किंवा 'आय ओ माय सक्सेस टू माय पेरेंट्स', म्हणजे माझ्या यशाचं श्रेय आईवडिलांना.

बरं, हाच शब्द नाम झाला की वागणं बदलतो. 'अ गुड कॉज' म्हणजे सत्कार्य, 'कॉज फॉर सेलिब्रेशन' म्हणजे आनंदाचं निमित्त. तेव्हा शब्द टिपताना तो नाम म्हणून आलाय की क्रियापद म्हणून, तेवढं शेजारी लिहीत जा.

शब्द त्याच्या वाक्यासकट उचलायचा, ही युक्ती माझी नाही. येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतचा महाकोश चाललाय. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली ते काम हाती घेतलं. जुन्या ग्रंथांतून शब्द वेचून, तो कुठे आणि कसा आला त्या संदर्भासह चिठ्ठ्या केल्या. त्या कोटीच्या घरात आहेत. अर्थ ठरतो तो त्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून. इंग्रजीत बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा प्रचंड साठा संगणकावर घेतला आणि १९८७ मध्ये 'कोबिल्ड' कोश काढला. त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात दिलेली असते, त्यामुळे अर्थाबरोबर वापरही कळतो.

असा एखादा लर्नर्स कोश, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश, अप्पा बळवंत चौकात जुना मिळाला तर घे. मागची आवृत्ती चालेल. 'कॉज'चं वागणं दर वर्षी बदलत नाही. मोबाइलवरचं भाषांतर घाईच्या वेळी ठीक, पण ते तुला पुन्हा एका मराठी शब्दावर आणून सोडतं.

रोज वीस शब्दांचा हट्ट सोड, दोन पुरेत. इंग्रजी पेपरातलं पुण्याचं पान घे, वाहतूककोंडीच्या नाहीतर पाणीकपातीच्या बातमीत 'कॉज्ड बाय' शोध आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरव. अशी चार-पाच वाक्यं जमेपर्यंत मराठी अर्थाची जागा कोरी ठेव. अभ्यासिकेतली मुलं हसतील, हसू देत.

पुढच्या आठवड्यासाठी 'प्रोव्हाइड' घे. त्याची संगत 'कॉज'च्या उलट आहे, एवढंच सांगतो. वाक्यं जमवून पाठव, आणि त्यातलं एक तुझं स्वतःचं असू दे.

तुझा,
काका