प्रवाळ फुटले, पुन्हा फुटले

समुद्रातल्या प्रवाळांवरच्या (कोरल) एका लेखातल्या 'वादळात प्रवाळ फुटले आणि फुटल्या जागी नवे फुटले' या वाक्यात एकच क्रियापद उलट अर्थांनी आले आहे, ते बदलावे का, असा प्रश्न आहे.

मुळीच बदलू नका. काच फुटते तशी पालवीही फुटते. खटकते ते त्याच लेखातले दुसरेच वाक्य: 'प्रवाळाचे दगड वाढतात'. दगड कसा वाढेल? वाढतो तो वरचा काही मिलिमीटरचा जिवंत थर. तो पायाखाली चुना साचवत वर सरकतो आणि त्यातल्या एका जीवाला दुसरा फुटतो. हो, फुटतोच!

संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे पोवळे, तशीच कोवळी पालवी. कुमारसंभवात पार्वतीच्या स्मिताला उपमा शोधताना कालिदास एकाच श्लोकात फूल 'प्रवाला'वर ठेवतो आणि मोती 'विद्रुमा'वर. तिथे प्रवाल म्हणजे पालवी, विद्रुम म्हणजे पोवळे. याच 'प्रवाल'चे प्राकृतात 'पवाल' आणि मराठीत 'पोवळे' झाले. कोवळ्या पानांच्या लालीवरून पोवळ्याला हे नाव पडले, असे सांगणाऱ्यांनी 'विद्रुम' नीट वाचावा: त्यात रंगाचा मागमूस नाही, सरळ 'द्रुम' म्हणजे झाड आहे. नाव फुटव्यावरूनच पडले, असे माझे ठाम मत आहे. 'प्रवाल' शब्द 'वल्' धातूपासून काढणारी व्युत्पत्ती तर मला ओढूनताणून आणलेली वाटते; 'प्रबाल' हेही रूप मिळते, त्यातला 'बाल' का दिसू नये?

मात्र दागिन्यातले पोवळे समुद्रातल्या प्रवाळांच्या भिंती, म्हणजे भित्ती, बांधत नाही. त्याच्या जीवाला तोंडाभोवती आठ शुंडके (सोंडेसारखे अवयव), भित्ती बांधणाऱ्यांना सहाच्या पटीत. म्हणून 'पोवळ्याची भित्ती' नको, 'प्रवाळभित्ती'च लिहा.

प्रवाळाची जखम 'भरते' हेही ढोबळच. कडेची जिवंत त्वचा उघड्या सांगाड्यावर सायीसारखी पसरते, मग तिच्यात नवे जीव तयार होतात. लहान जखम काही आठवड्यांत मिटते. मोठीच्या मध्यापर्यंत साय पोचायच्या आत तिथे शेवाळ बसते आणि काम अडते. तेवढ्याच क्षेत्रफळाची लांबट जखम गोल जखमेपेक्षा लवकर मिटते, कारण कड जास्त आणि मध्य जवळ. वाढीचा वेगही सारखा नसतो: फांद्यांची प्रवाळे वर्षाला 10 सेंटिमीटरही वाढतात, गोलसर धोंड्यांसारखी जेमतेम 1.

आणि मोडून पडलेला तुकडा? वाळूत गडगडत राहिला तर घासून मरतो. घट्ट जागी अडकला तर तळाला चिकटून नवी वसाहत होते. तिथे मात्र 'फुटले' नको, 'रुजले' लिहा.