पान नीट दिसते, पण एडिटर क्लास सुचवत नाही

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे संकेतस्थळ मी घरीच तयार करत आहे. पानाची शैली तयार क्लासच्या नावांनी ठरवू देणाऱ्या टेलविंड या सीएसएस फ्रेमवर्कच्या स्क्रिप्टची ओळ एचटीएमएल फाइलमध्ये टाकल्यावर पान ब्राउझरमध्ये नीट दिसते. मात्र व्हीएस कोड या एडिटरमध्ये ‘टेलविंड सीएसएस इंटेलिसेन्स’ हे एक्स्टेंशन बसवूनही क्लासची नावे सुचवली जात नाहीत. मी पाहिलेल्या शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलेली टेलविंडची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइलही माझ्याकडे नाही. काय करावे?
– एक वाचक

उत्तर : आपले एक्स्टेंशन बिघडलेले नाही. त्या ओळीमुळे टेलविंड इंटरनेटवरून ब्राउझरमध्ये येते आणि तिथेच शैली तयार करते, म्हणून पान दिसते; एक्स्टेंशन मात्र एडिटरमध्ये उघडलेल्या फोल्डरमध्ये टेलविंडची खूण शोधते आणि ती सापडली नाही, तर चूक न दाखवता गप्प राहते. तिसऱ्या आवृत्तीत ही खूण म्हणजे कॉन्फिग फाइल होती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत तिची गरज उरली नाही. सीएसएस फाइलमधील टेलविंड इम्पोर्ट करणारी (आत आणणारी) ओळ पुरते. तेव्हा जुन्या व्हिडिओतील फाइल शोधण्यात वेळ घालवू नये.

नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) बसवून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एनपीएम या नोडसोबत येणाऱ्या पॅकेज उतरवण्याच्या साधनाने टेलविंड आणि त्याचे सीएलआय (टर्मिनलमधून आज्ञा देऊन चालवायचे साधन) ही दोन पॅकेजे घ्यावीत, एक सीएसएस फाइल करून तिच्या आरंभी टेलविंड इम्पोर्ट करावे आणि एडिटरमध्ये सुटी फाइल न उघडता ‘ओपन फोल्डर’ने संपूर्ण फोल्डर उघडावे. अनेकांचे घोडे अडते ते या शेवटच्या पायरीवर. तरीही अवतरणचिन्हांच्या आत सूचना येत नसतील, तर सेटिंग्जमध्ये ‘क्विक सजेशन्स’खालील ‘स्ट्रिंग्ज’ हा पर्याय ‘ऑन’ करावा. सीएसएस फाइलमध्ये टेलविंडच्या ‘ॲप्लाय’सारख्या शब्दाखाली पिवळी रेघ आली, तर एडिटरच्या खालच्या पट्टीत भाषा ‘टेलविंड सीएसएस’ निवडावी.

सूचना सुरू झाल्यावर क्लासच्या नावावर माउस ठेवून पाहावे : ‘पी-४’ म्हणजे १ रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकाराइतके माप), एरवी १६ पिक्सेल पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली मोकळी जागा), हे तिथेच दिसते. शिकणाऱ्यासाठी मला हीच सोय सर्वांत मोलाची वाटते. पॅकेजे एकदा उतरवली की सूचना संगणकावरच तयार होतात, त्यामुळे नेटवर्क गेले तरी काम थांबत नाही.

स्क्रिप्टची ती ओळ मात्र संकेतस्थळ प्रसिद्ध करण्यापूर्वी अवश्य काढावी, कारण ती केवळ विकासाच्या काळासाठी आहे. सीएलआय जी सीएसएस फाइल तयार करते, तिच्यात आपण वापरलेल्या क्लासचीच शैली येते. ती आटोपशीर फाइल पानाला जोडल्यास शेतातून मोबाइलवर सोयाबीनचा भाव पाहणाऱ्या सभासदाला ताटकळावे लागणार नाही.