जुनी छोटी मोटरहोम घेतली आहे. लिथियम, सोलर, एसी यांपैकी आधी काय बसवू?

तुमचा प्रश्न असा: २०१० ची, टाटाच्या विंगर व्हॅनवर बांधलेली छोटी मोटरहोम घेतली आहे, मुंबईत उघड्यावर उभी राहणार, दीड लाख हाताशी आहेत, तर सुरुवात कशाने करावी. शेवटी तुम्ही एक ओळ घातली आहे, "आधीच्या मालकाने घरीच केलेलं काम आहे, त्यामुळे छत वगैरे सगळं उखडूनच टाकणार आहे." त्या ओळीसाठी मी लिहितेय. उखडू नका. घरी केलेलं काम म्हणजे वाईट काम, हे कुणी ठरवलं?

आमची गाडी २००९ ची विंगर. बाबा माझगावच्या गोदीत फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी ही गाडी जुनीच घेतली आणि मालवणीत आमच्या चाळीसमोर उभी करून दोन वर्षांत तिचं घर केलं. दारूखान्यात मोडलेल्या जहाजांचं सामान मिळतं, तिथून पितळी कड्या आणल्या. त्या कड्या घाटात कितीही हेलकावे बसले तरी उघडत नाहीत. प्लाय आयएस ७१० चा मरीनच, म्हणजे पाण्याला टिकणारा वापरला, आणि कापलेली प्रत्येक कड रंगाचा हात देऊन बंद केली, कारण प्लायमध्ये पाणी कडेतून शिरतं. छतावर कॅरिअरसाठी सहा भोकं पाडली. सहाच. त्यांतल्या बोल्टांना आतून मोठे वॉशर, पत्र्यावर ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी, वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. चार पावसाळे आत एक थेंब आला नाही.

बाबा २०२० मध्ये गेले. पुढच्या वर्षी दादाने पुण्याहून येऊन गाडी "अपग्रेड" करायचं ठरवलं. लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, दोन सोलर पॅनेल. मी म्हटलं, छताला हात लावायच्या आधी कुणा माहीतगाराला दाखवू या. त्याने ऐकलं नाही. एका वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत पॅनेल बसली. आठ ब्रॅकेट, प्रत्येकाला दोन सेल्फ स्क्रू, म्हणजे छताच्या पत्र्यात सोळा नवी भोकं, आणि वरून पारदर्शक सिलिकॉन.

पुढच्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या सरीनंतर बाबांच्या झोपायच्या जागेच्या उशाशी पाणी. नेमकं त्यांच्या कॅरिअरच्या मागच्या बोल्टखाली. फोटो पाठवला तर दादाचं उत्तर तयार होतं, "बाबांनी छताला भोकं पाडली, ते कधीतरी गळणारच होतं." हे वाक्य तो आजही बोलतो. घरात, लग्नात, कुठेही विषय निघाला की.

मढला आमच्या ओळखीचे एक तांडेल (मासेमारी होडीचे नाखवा) आहेत, बाबांचे मित्र. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यामुळे ते मोकळे होते. त्यांनी छतावर पाणी ओतून बघितलं नाही. म्हणाले, पाणी पडतं ती जागा आणि शिरतं ती जागा यांचा काही संबंध नसतो, ताई. उघडीप बघून आम्ही गाडीच्या सगळ्या काचा लावल्या, खालच्या फटींना चिकटपट्टी मारली, एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून सुताराच्या ब्लोअरची हवा आत सोडली. मग ते शिडीवर चढले आणि साबणाचं पाणी ब्रशने छतावर लावत गेले. जिथे फट तिथे आतली हवा बाहेर येते आणि बुडबुडे धरतात.

बाबांच्या सहाही बोल्टांवर एक बुडबुडा नाही. सोळा स्क्रूंपैकी अकरांवर फेस.

मग आतलं कापड सोडवलं. दोन स्क्रूंपासून गंजाचा तपकिरी ओघळ छताच्या आडव्या पट्टीवरून सरकत जवळजवळ चार फूट गेला होता, आणि बोल्टचं टोक आत थोडं बाहेर आलेलं असल्याने पाणी तिथे अडून खाली पडत होतं. तिथेच बोल्ट असल्याने दोष त्याच्यावर आला. मी सगळ्या स्क्रूंचे आणि बोल्टांचे फोटो काढून ठेवलेत.

तेव्हा तुम्ही पैसे खर्चायच्या आधी ही चाचणी करा. ब्लोअरचं भाडं आणि साबण, एवढाच खर्च. विंगरला वेगळी चासी नाही, ती मोनोकॉक आहे. बॉडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा. छतातून शिरलेलं पाणी खांबातून उतरून दाराखालच्या पोकळ पट्ट्यात साचतं आणि आतून कुजवतं. बाहेरून रंग चकचकीत दिसतो. आमच्या गाडीत डाव्या बाजूला स्क्रूड्रायव्हर दाबला तर आरपार गेला. एका ठिकाणी "लांबी भरून देतो" म्हणाले. लांबी म्हणजे नुसती पुट्टी, तिला जोर नसतो, हलत्या सांगाड्यावर ती सहा महिन्यांत तडकते. आम्ही कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला, १८ गेजचा नवा जोडला, आतून रेड ऑक्साईड, म्हणजे गंजरोधक रंग. खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. बरेच जण गंजावरच काळं अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला मारायचा जाड थर) मारून घेतात आणि तीच भोकं बुजवतात. ओल आत कोंडते. त्यापेक्षा काहीच न मारलेलं बरं. काशीद, दिवेआगरला वाळूवर उतरवली तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी.

सिलिकॉनबद्दल: गाडीच्या छतावर नको. त्यावर रंग धरत नाही, आणि पुढच्या वेळी त्याच्यावर काहीच चिकटत नाही, दुसरा सिलिकॉनसुद्धा. आम्हाला ते खरवडून, थिनरने पुसून काढायला दोन पूर्ण दिवस लागले. सोळाही भोकं वेल्डिंगने बुजवली आणि पॅनेल बाबांच्या कॅरिअरवर क्लॅम्पने बसवली. एकही नवं भोक नाही. खाली हवा खेळते, पॅनेल कमी तापतात.

आता तुम्ही विचारलेलं. एसी विसरा. एक टनाचा एसी चालताना हजार वॉटच्या आसपास घेतो. १०० अँपिअर-तासांच्या लिथियममध्ये सगळे मिळून १२८० वॉट-तास असतात, इन्व्हर्टरची तूट धरली तर तासाभरात खेळ संपला. छतावरचा बाहेर हवा फेकणारा पंखा आणि दोन बारा व्होल्टचे पंखे, बस. लहान कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला पाचशेच्या आसपास वॉट-तास घेतो, पंखे तीनशे, दिवे-फोन शंभर. म्हणजे एक १०० ची लिथियम एक दिवस निभावते. जुन्या प्रकारची १५० ची ट्यूब्युलर (शिसं-आम्लाची) बॅटरीही निभावते, पण ती निम्म्याच्या खाली उतरवायची नाही आणि वजन पन्नास किलोच्या पुढे. विंगरचा जोर पुढच्या चाकांना आहे. मागे बॅटरी, पाण्याची टाकी, सामान सगळं टाकलं तर पुढचा भाग हलका होतो आणि पावसात कसाऱ्याच्या चढावर चाकं फिरायला लागतात. आम्ही टाकी मधल्या भागात आणली, तेव्हा ते थांबलं. म्हणून लिथियमच घ्या. इथे दादा बरोबर होता आणि मी चूक होते, हे लिहून ठेवते. फक्त आल्टरनेटरवरून (इंजिनावर वीज बनवणारं यंत्र) थेट जोडू नका, मध्ये करंट आवरणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा. लिथियम रिकामी असताना इतका करंट ओढते की जुना आल्टरनेटर तापून जातो. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज. स्पितीला नेणार असाल तर तापमान शून्याखाली असताना ती चार्ज करायची नाही.

सोलर शेवटी. जून ते सप्टेंबर मुंबईत ढगच असतात, आणि तेव्हा गाडी नुसती उभी असते. वायर, लग (वायरच्या टोकाला लावायचे), फ्यूजबॉक्स लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात बघा, किरकोळ दुकानापेक्षा बराच फरक पडतो.

माझं ऐकाल तर पहिले साठ-सत्तर हजार छत, पत्रा, ब्रेक आणि टायरला. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल शोषतं आणि लांब उतारावर उकळून पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. अशा गाड्यांचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात.

दोन गोष्टी राहिल्या. आरसी बघा. सीट काढून पलंग टाकणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल ठरू शकतो, आणि त्याची नोंद आरटीओत नसेल तर अपघातानंतर विम्याची भानगड होते. १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर झालाय का, तेही. दुसरं, सिलिंडर आत ठेवला असेल तर त्याच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. झुरळं येतात म्हणून ते बुजवू नका, जाळी लावा.

आणि मी जे लिहिलं ते एका गाडीवरून. तुमच्या आधीच्या मालकाने खरंच वाईट काम केलेलं असू शकतं. साबणाचं पाणी सांगेल. बुडबुडे आले नाहीत तर त्यांनी लावलेलं तसंच राहू द्या, आणि शक्य असेल तर त्यांना फोन करून कळवा.

बाबांना कळवायला मी उशीर केला. दादा, तू इथे वाचतोस हे मला माहीत आहे. फोटो तारखांसकट माझ्याकडे आहेत. सहा बोल्ट, पाच वर्षांनंतर, कोरडे.