मानसोपचारतज्ज्ञ होऊन जळगाव-धुळ्यात प्रॅक्टिस केली तर घरच्यांना वेळ देता येतो का?

हो, येतो; फक्त शिक्षणाची साडेआठ वर्षं त्यात धरू नका. इंटर्नशिपसह एमबीबीएस साडेपाच, एमडी ३, सरकारी बॉण्ड (शिक्षणानंतरची ठरावीक काळाची सरकारी सेवा) वेगळाच. पुढे मात्र प्रसूतितज्ज्ञासारखे रात्री-अपरात्री फोन येत नाहीत आणि ओपीडी वेळा देऊन चालवता येते: नव्या पेशंटला पाऊण तास, जुन्याला १०-१५ मिनिटं. (खेड्यावरून पेशंटबरोबर अख्खं घर येतं, तेव्हा हे गणित कोलमडतंच.) झोप उडते ती पेशंट भरती करायला लागल्यावर. दारू अचानक सुटलेला माणूस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रमात जाऊ शकतो. रात्रपाळीला अनुभवी माणूस नसेल तर तुम्हालाच उठावं लागतं. शिवाय भरतीसाठी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे दवाखान्याची नोंदणी लागते. मुलं लहान असेपर्यंत नुसती ओपीडी ठेवा.