मोजून दिलेली चांदी

प्रिय बाळा,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. रात्रीच उत्तर लिहायला बसले होते, पण ते रागात लिहिलं गेलं असतं, म्हणून सकाळपर्यंत थांबले.

चर्चच्या देणग्यांचा हिशेब सभेपुढे ठेवा, एवढंच तू म्हणालीस. त्यावरून तुला मंडळी फोडणारी ठरवलं, तरुणांच्या गटातून तुझं नाव काढलं. लहानपणी ज्यांनी तुला मांडीवर घेऊन गीतं शिकवली, त्या मावशी आता तू दिसलीस की दुसऱ्या बाकावर जाऊन बसतात. शेवटी तू विचारलंस, देव माझ्या बाजूने असेल तर हे सगळं माझ्याच वाट्याला का?

आधी जरा कडू बोलते. आपल्याला विरोध होतोय म्हणजे आपलंच खरं, असं नसतं. चुकणाऱ्यालाही विरोध होतो, आणि तोही गुडघे टेकून देवाला हाक मारतोच. म्हणून एकदा एकटी बस आणि स्वतःला विचार, मला हिशेब हवाय, की खजिनदारकाकांची मान खाली गेलेली बघायचीय? दोन्ही असेल तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा दोन्ही असतंच. दुसऱ्या इच्छेची देवाजवळ कबुली दे, आणि पहिली मागणी सोडू नकोस.

आता बायबलमधल्या एज्राकडे येते, यहुद्यांचा याजक आणि शास्त्री. तुझं पत्र वाचल्यापासून तोच डोक्यात आहे. इसवी सनपूर्व 458 च्या सुमारास तो बाबेलहून (बॅबिलोनहून) यरुशलेमला निघाला. बरोबर बायका-मुलं, मंदिरासाठी दिलेलं सोनं, आणि 650 किक्कार (त्या काळचं वजनाचं माप) चांदी. आजच्या मापाने ती चांदीच सुमारे वीस टन भरते. वाट चार महिन्यांची, आणि वाटेवर शत्रू. पारसच्या (इराणच्या) राजाकडे शिपाई आणि घोडेस्वार मागता आले असते, पण मागायची त्याला लाज वाटली. कारण राजासमोर तो आधीच बोलून बसला होता की, आमच्या देवाला जे शरण जातात त्यांच्यावर त्याचा हात असतो. मग अहवा नदीकाठी सगळ्यांनी उपास केला आणि देवाकडे वाट मागितली.

आपण बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपवतो. उपास केला, देवाने सांभाळलं, आमेन. पण त्याच्या पुढची ओळ वाच. उपास झाल्यावर एज्राने याजकांमधले बारा जण निवडले आणि चांदी, सोनं, पात्रं एकेक करून त्यांच्या हातात तोलून दिली. यरुशलेमला पोचल्यावर चौथ्या दिवशी मंदिरात सगळं पुन्हा तोललं, आणि वजन लिहून ठेवलं. म्हणजे वाटेवरच्या लुटारूंसाठी त्याने देवावर भरवसा ठेवला, पण स्वतःच्या माणसांच्या हातात चांदी देताना तराजू बाजूला ठेवला नाही. त्या याजकांपैकी कुणी 'आमच्यावर विश्वास नाही का?' म्हणून रुसल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तोलणं हा संशय नव्हता गं. उद्या कुणी बोट दाखवलं असतं, तर त्या तोलण्यानेच ते बारा जण वाचले असते. सभेत बोलायची वेळ आली तर हेच सांग. हिशेब मागणं हे खजिनदाराच्याही भल्याचं आहे, आणि तू ते मनापासून म्हणू शकलीस तर आवाज आपोआप खाली येईल.

तेरा-एक वर्षांनी नहेम्या, तोही यहुदीच, शहराचा पडलेला तट बांधायला त्याच यरुशलेमला आला तो राजाचे सरदार आणि घोडेस्वार बरोबर घेऊन. त्याला लाज वाटली नाही. दोघांचा देव एकच. तेव्हा उद्या कुणी तुला सांगितलं की खरा विश्वास असेल तर मदत मागू नकोस, तर त्याचं ऐकू नकोस. कुणी धमकी दिली, रस्त्यात अडवलं, तर घरी सांग, पोलिसांत जा. प्रार्थना करून गप्प बसणं म्हणजे भरवसा, हे कुणी शिकवलं कोण जाणे.

नहेम्याचंच आणखी एक. तो तट बांधत असताना त्याचा विरोधक सनबल्लट याने त्याला 'भेटायला ये' म्हणून चारदा निरोप धाडले. तो गेला नाही, तेव्हा पाचव्यांदा पत्र आलं ते उघडं, मोहोर न लावलेलं. म्हणजे वाटेत ज्याच्या त्याच्या हाती पडावं आणि त्याने वाचावं. आत आरोप होता की, हा राजा व्हायला बघतोय. तुझ्याविरुद्ध तुमच्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज अगदी त्याच जातीचा आहे. नहेम्याने उत्तर दिलं ते थोडक्यात, असं काही नाही, हे तुझ्या मनचं आहे. मग देवाकडे हातांना बळ मागितलं आणि कामाला लागला. तट 52 दिवसांत उभा राहिला. तू मात्र रात्री एक वाजता चार पानी खुलासा लिहीत बसतेस. तो पाठवू नकोस. तारीख घालून दोन ओळींचा अर्ज दे, एक प्रत स्वतःजवळ ठेव, आणि झोप.

आता ज्याला मी कायम अडखळते ते लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा बारावा अध्याय. सुरुवातीलाच हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारतो. पुढे पेत्राला तुरुंगात टाकतो, आणि एका रात्री देवदूत येऊन पेत्राच्या बेड्या गळून पडतात. एकाच अध्यायात, एकाच राजाच्या हाताखाली, दोन शिष्य. मंडळीने पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना केली, पण म्हणून याकोबासाठी कमी केली असेल असं मला कधीच वाटलं नाही, आणि देवाचं त्याच्यावर प्रेम कमी होतं असं तर मुळीच नाही. म्हणून 'देव सांभाळेल' या शब्दांचा अर्थ 'तुला काही लागणार नाही' असा घेऊ नकोस. कदाचित तुझं त्या गटातलं स्थान परत मिळणार नाही. काही माणसं कायमची दुरावतील. मी तुला याउलट वचन देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याच्यापासून जपून राहा.

माझं तुला कधी सांगितलं नव्हतं. तिशीत असताना एका संस्थेत मी असाच प्रश्न विचारला, आणि महिन्याभरात बोलणं असं फिरलं की पैसे मीच खाल्ले. मी रोज प्रार्थना करायचे की तो माणूस तोंडघशी पडू दे. तो काही पडला नाही. एके दिवशी तिथले म्हातारे कारकून माझ्या दारात आले. ते कुणाशी कधी दोन शब्दांपलीकडे बोलत नसत. हातात कापडी पिशवी, पिशवीत जुनी पावतीपुस्तकं. निळ्या कार्बनची प्रत, प्रत्येक पावतीवर माझी सही, आणि पैसे कुणाकडे जमा केले त्याचीही सही. "रद्दीत जाणार होती, मी ठेवून दिली," एवढंच म्हणाले. पाणीसुद्धा न घेता गेले. नाव साफ झालं. दोन मैत्रिणी मात्र परत आल्या नाहीत.

त्या दिवसापासून मी त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायला लागले, त्याच्या भल्याची. पहिले कित्येक दिवस शब्द नुसते ओठांवर असायचे. पण रात्री झोप यायला लागली, आणि तो समोर आला की छातीत जे धडधडायचं ते थांबलं. तूही खजिनदारकाकांचं नाव घे. मनात नसलं तरी घे.

सभा येत्या रविवारी आहे ना? अर्जाची प्रत आणि तुझी वही घेऊन शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे ये, आकडे एकदा दोघी मिळून तपासू. तुझी एखादी बेरीज चुकलेली असेल तर ती इथेच सापडलेली बरी. आणि रविवारी मी येणार आहे. बोलणार नाही, ते तुझं काम. तुझ्या शेजारच्या बाकावर बसेन.

तुझी,
ताई